मंद चकती आणि चपळ स्मृती

संगणकात माहिती ठेवण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक कायमच्या साठ्याची चकती, म्हणजेच हार्ड डिस्क. दुसरी काम चालू असताना लागणारी माहिती धारण करणारी स्मृती, म्हणजेच रॅम. पहिली विस्तीर्ण, स्वस्त व टिकाऊ, परंतु मंद. दुसरी अत्यंत चपळ, परंतु महाग, आणि वीज जाताच सर्व काही विसरणारी. या दोहोंच्या वेगांतील तफावत भरून काढण्यासाठी डिस्क कॅश आणि रॅम डिस्क असे दोन उपाय योजण्यात आले.

चकती मंद असण्याचे कारण तिच्या यांत्रिक रचनेत आहे. तिच्या पृष्ठावर माहिती वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिलेली असते. वाचणारे शीर्ष आधी योग्य पट्ट्यावर सरकते, आणि मग हवा तो भाग फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत त्यास थांबावे लागते. १९५६ साली आयबीएम कंपनीने प्रसिद्ध केलेल्या रॅमॅक संगणकाच्या साठ्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या मिनिटाला १,२०० फेरे घेत असत. हवी ती नोंद हाती येण्यास सरासरी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. पुढे मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या सर्वत्र रूढ झाल्या. तेथे शीर्ष सरकण्यास सुमारे ८ व अर्ध्या फेऱ्यास सुमारे ४, असे १२ मिलिसेकंद होतात. रॅमला मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद पुरतात. रॅमच्या या अवधीस एक सेकंद मानले, तर त्याच प्रमाणात चकतीस ३३ तास लागतील. टेबलावरची वही उचलणे आणि तीच वही आणण्यासाठी मुंबईहून आगगाडीने हावड्यास जाणे, इतके हे अंतर आहे. अलीकडच्या एसएसडी साठवणीत फिरणारा भाग नसल्याने ते पुष्कळ घटले; तरीही ती रॅमपेक्षा शेकडो पटींनी मंदच आहे.

स्वयंपाक करताना मोहरी आणि हळद दर फोडणीला कोठीच्या खोलीतून आणली जात नाही. थोडी थोडी मिसळणाच्या डब्यात हाताशी ठेवलेली असते. डिस्क कॅश म्हणजे असाच डबा होय. चकतीवरून एकदा वाचलेल्या मजकुराची प्रत संगणक रॅमच्या एका भागात राखून ठेवतो. तोच मजकूर पुन्हा मागितला गेल्यास चकतीकडे जाण्याचे कारण उरत नाही. आताच वापरलेली माहिती लवकरच पुन्हा लागते, आणि तिच्या शेजारची माहितीही बहुधा लागते, या अनुभवावर ही युक्ती उभी आहे. शेजारचा मजकूर न मागताच आगाऊ वाचून ठेवण्याची रीतही त्यातूनच आली.

लाभ किती होतो, हे साध्या गणिताने कळते. शंभर मागण्यांसाठी शंभर वेळा चकतीकडे जावे लागले, तर १,२०० मिलिसेकंद खर्ची पडतात. त्यांपैकी ९० मागण्या कॅशमध्येच भागल्या, तर उरतात १२०. ९९ भागल्या, तर केवळ १२. म्हणजे नव्वदावरून नव्व्याण्णवावर जाणे ही दिसावयास अल्प सुधारणा, परंतु तिने प्रतीक्षा दहा पटींनी घटते.

डबा भरला की काही तरी बाहेर काढणे प्राप्तच. बहुधा जो मजकूर सर्वांत अधिक काळ वापरला गेलेला नाही, त्यास निरोप देण्यात येतो. नियम समंजस खरा, पण तोही कधी फसतो, आणि फसतो तेव्हा गमतीदार रीतीने फसतो. कॅशमध्ये १,००० खंड मावतात आणि १,००१ खंडांची फाइल क्रमाने पुनःपुन्हा वाचावयाची आहे, असे समजा. जो खंड आता लागणार तोच नेमका नुकताच काढून टाकलेला असतो! एकही मागणी कॅशमध्ये भागत नाही.

कॅशमध्ये काय ठेवावे हे यंत्र ठरवते. रॅम डिस्कमध्ये ते माणूस ठरवतो. येथे रॅमचा एक भाग वेगळा काढून ती जणू एक चकतीच आहे असे संगणकास भासविले जाते. १९८४ साली आयबीएमच्या पीसी डॉस ३.० मध्ये अशी सोय देण्यात आली होती. फ्लॉपीच्या संथपणाने त्रासलेल्यांना ती वरदानासारखी वाटली, तर नवल नाही. आज मात्र लिनक्स वा विंडोज यांसारख्या प्रणाली मोकळी राहिलेली रॅम आपण होऊन कॅशसाठी वापरतात. अशा वेळी मोठा भाग रॅम डिस्कसाठी अडवून ठेवला, तर कॅश आक्रसते आणि एकंदर काम उलट मंदावू शकते. तात्पुरत्या फाइलींसाठी मात्र तिचा उपयोग टिकून आहे.

खरी जोखीम आहे ती लिहिण्यात. रॅम डिस्कवरील मजकूर वीज जाताच नाहीसा होतो, हे वापरणाऱ्यास ठाऊक तरी असते. कॅशमधील धोका अदृश्य असतो. वेगासाठी संगणक नवा मजकूर आधी रॅममध्ये घेतो, ‘लिहिले’ असे कळवतो, आणि चकतीवर तो सवडीने उतरवतो. जुन्या युनिक्स प्रणालीत हे काम दर ३० सेकंदांनी होई. मधल्या काळात वीज गेली तर तेवढे लिखाण बुडे. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह नावाची कॅश असेच लिखाण लांबवीत असे. पडद्यावर पुढील आज्ञेची खूण दिसली की काम संपले, असे समजून लोक यंत्र बंद करीत, आणि फाइली बिघडत. त्याच वर्षीच्या ६.२ या आवृत्तीत लिखाण चकतीवर उतरल्याखेरीज ती खूण येऊ नये अशी व्यवस्था केली गेली. बँकांचे हिशेब राखणाऱ्या प्रणाली तर प्रत्येक व्यवहाराची नोंद कायमच्या साठ्यावर पोहोचल्याची खात्री झाल्यावरच तो पूर्ण झाला असे मानतात, आणि त्यापायी होणारा विलंब जाणूनबुजून सोसतात. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसारख्या साधनांसाठी लिखाण लांबविण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली असते, कारण ती साधने माणूस केव्हा उपटून घेईल याचा नेम नसतो.