काढलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवू नका

दाढ काढली की 'तिच्यावाचून अडत नाही' म्हणून आपण गप्प बसतो. पण त्या जागेचे हाड हळूहळू झिजते, शेजारचे दात कलतात. यावर इम्प्लांट हा एक उपाय आहे. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली रुग्णावर तो प्रथम केला. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. साधारण ३ ते ६ महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग वर कृत्रिम दात बसतो. शेजारचे चांगले दात कोरावे लागत नाहीत. मात्र मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू-मिश्री सुटत नसेल, तर स्क्रू सैल होण्याचा धोका वाढतो. खर्च झेपत नसेल तर ब्रिज किंवा कवळी आहेच. पुढे काय बसवायचे, हे दाढ काढतानाच दंतवैद्यांना विचारावे.