'सुपरस्टिशस' कोणाला म्हणावे?

इंग्रजीच्या तासाला 'सुपरस्टिशस' हा शब्द आला की आपण फळ्यावर 'अंधश्रद्धाळू' असा अर्थ लिहून पुढे जातो. पण दोन्ही शब्दांचा वापर तंतोतंत सारखा नाही. इंग्रजीत हे विशेषण माणसाप्रमाणेच समजुतीला, प्रथेला आणि भीतीलाही लागते. मराठीत माणूस अंधश्रद्धाळू असतो. भीती मात्र 'अंधश्रद्धेतून आलेली' असते.

शिवाय प्रत्येक चुकीची समजूत 'सुपरस्टिशस' नसते. जड दगड हलक्या दगडापेक्षा लवकर खाली पडतो, असे म्हणणारा विद्यार्थी फक्त 'मिस्टेकन', म्हणजे चुकलेला असतो.

मुंबईतलेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली. लोकांनी बाटल्या भरून पाणी नेले. अनेकजण ते प्यायलेही. हा चमत्कार आहे, या पाण्याने आजार बरे होतात, असे काहीजण सांगू लागले. महापालिकेला पाणी पिऊ नका, असे आवाहन करावे लागले.

यात तीन वेगवेगळी विधाने आहेत. पहिले, पाणी खारट लागत नाही. हे निरीक्षण आहे आणि ते खरे असू शकते. विहार व पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी अंधेरी, कुर्ल्याच्या बाजूने माहीमच्या खाडीत येते. पावसाळ्यात हे गोडे पाणी भरपूर असते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर पसरते. दुसरे, गोड आहे म्हणजे पिण्याजोगे आहे. ही चूक झाली. चवीवरून मीठ कळते, सांडपाण्यातले जंतू कळत नाहीत. तिसरे, चमत्काराने आजार बरे होतात. पुरावा नाही, तपासण्याची तयारीही नाही. 'सुपरस्टिशस' हे विशेषण इथे लागू पडते.

पहिले विधान वर्गात पडताळता येईल. पेल्यात मिठाचे दाट, रंगीत पाणी घ्या. चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी अगदी हळू सोडा. दोन थर वेगळे दिसतील.

"आमच्याही घरी ती बाटली आणली होती," असे एखाद्या मुलाने सांगितले तर? त्याला अंधश्रद्धाळू म्हटले की तो गप्प बसेल आणि पुढच्या वेळी असे पाणी पिण्याआधी आपल्याला विचारणार नाही. म्हणून आम्हाला वाटते, विशेषण समजुतीला लावावे, मुलाला नव्हे.