एकपृष्ठीय वेब-ॲप आणि सर्व्हिस वर्कर : ऑफलाइन कार्यपद्धती व आवृत्तीबदलाचा प्रश्न

प्रस्तावना

हजेरी, अंतर्गत गुण, ग्रंथालयातील देवघेव यांसारख्या नोंदी आज अनेक ठिकाणी वेब-ॲपद्वारे केल्या जातात. अशा ॲपपैकी पुष्कळशी 'एकपृष्ठीय' असतात. सर्व्हरकडून एचटीएमएलचे पान एकदाच येते. त्यानंतर वापरकर्ता हजेरीकडून गुणपत्रकाकडे वळला तरी नवे पान येत नाही. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच पडद्यावरील मजकूर बदलते आणि सर्व्हरकडे केवळ आवश्यक माहिती मागते. या रचनेत एक विसंगती आहे. ॲपचे बहुतेक काम वापरकर्त्याच्या यंत्रावर चालत असूनही, इंटरनेट जोडणी नसताना तेच ॲप पुन्हा उघडल्यास कोरे पान व त्रुटीचा संदेश यांखेरीज काही दिसत नाही.

ही विसंगती दूर करणारे साधन म्हणजे सर्व्हिस वर्कर होय. त्याचे वर्णन बहुधा 'फाइली साठवून ठेवणारी सोय' असे केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. फाइली साठवणे सोपे असते. साठवलेली जुनी आवृत्ती योग्य वेळी बदलणे अवघड असते. प्रस्तुत लेखाचा भर त्यामुळे या दुसऱ्या बाजूवर आहे.

पूर्वपीठिका

सर्व्हिस वर्करपूर्वी एचटीएमएल ५ मध्ये 'ॲप्लिकेशन कॅश' ही सोय होती. साठवायच्या फाइलींची नावे एका यादीत लिहिली की ब्राउझर त्या साठवून ठेवी. वरकरणी सोप्या वाटणाऱ्या या सोयीचे नियम मात्र ताठर होते. जोडणी असली तरी आधी साठ्यातील जुने पानच दाखवले जाई. आणि मूळ फाइल बदलली, पण यादीत एक अक्षरही बदलले नाही, तर नवी फाइल घेतलीच जात नसे. जेक आर्चिबाल्ड यांनी २०१२ मध्ये 'अ लिस्ट अपार्ट'मधील लेखात या दोषांवर कठोर टीका केली. सर्व्हिस वर्करच्या मानकाच्या संपादकांत पुढे त्यांचाही समावेश झाला, हे उल्लेखनीय आहे.

या मानकाचा पहिला जाहीर मसुदा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१६ मध्ये व सफारीने २०१८ मध्ये सर्व्हिस वर्करचा स्वीकार केला. भारतातील प्रारंभीचे ठळक उदाहरण नोव्हेंबर २०१५ मधील 'फ्लिपकार्ट लाइट' हे होय. त्याच वर्षी आपले मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना केवळ ॲपकडे वळवणाऱ्या फ्लिपकार्टने या रूपाने वेबकडे पुनरागमन केले. जोडणी तुटली की त्यातील पडदा करडा होत असे. दिसणारी माहिती ताजी नाही, हे शब्दांविना सांगण्याची ती प्रांजळ रीत होती.

कार्यपद्धती

सर्व्हिस वर्कर ही पानापासून स्वतंत्रपणे चालणारी जावास्क्रिप्ट फाइल असते. ती पान व नेटवर्क यांच्या मध्ये उभी राहते. पानातील मजकुराला ती प्रत्यक्ष हात लावू शकत नाही. परंतु पानाकडून निघणारी प्रत्येक मागणी तिच्याकडून जाते आणि उत्तर साठ्यातून द्यावे की सर्व्हरकडून आणावे, हे ती ठरवते. हा अधिकार मोठा असल्यामुळे ती केवळ एचटीटीपीएस जोडणीवर चालते. विकसकाच्या स्वतःच्या यंत्रावरील चाचणीपुरता अपवाद केलेला आहे. काम नसेल तेव्हा ब्राउझर तिला केव्हाही थांबवतो. म्हणून लक्षात ठेवण्याजोगी कोणतीही गोष्ट तिच्यातील चलांत ठेवून भागत नाही.

तिच्या आयुष्यात तीन घटना महत्त्वाच्या असतात. 'इन्स्टॉल' या घटनेत ॲपचा सांगाडा, म्हणजे मूळ पान, शैलीपत्रके व जावास्क्रिप्ट, साठ्यात भरला जातो. 'ॲक्टिव्हेट' या घटनेत जुना साठा पुसला जातो. 'फेच' ही घटना प्रत्येक मागणीच्या वेळी घडते. एकपृष्ठीय ॲपमध्ये वापरकर्त्याने कोणताही अंतर्गत पत्ता उघडला तरी साठ्यातील तेच मूळ पान द्यायचे असते. पुढचे काम ॲपची जावास्क्रिप्ट पाहते. गुणांसारखी बदलती माहिती मात्र आधी सर्व्हरकडे मागावी आणि उत्तर न आल्यास साठ्यातील प्रत तारखेसह दाखवावी, हे श्रेयस्कर.

आवृत्तीबदलाचा प्रश्न

ॲपला भेट दिली जाते तेव्हा ब्राउझर सर्व्हिस वर्करची फाइल सर्व्हरवरील फाइलीशी ताडून पाहतो. एका बाइटचाही फरक असल्यास नवी आवृत्ती इन्स्टॉल होते, पण लगेच सूत्रे हाती घेत नाही. जुन्या आवृत्तीवर चालणारे सर्व टॅब बंद होईपर्यंत ती प्रतीक्षेत राहते. केवळ पान 'रिफ्रेश' करून ही प्रतीक्षा संपत नाही, याचे नवशिक्या विकसकांना नेहमी आश्चर्य वाटते.

ही प्रतीक्षा टाळण्यासाठी 'स्किप वेटिंग' ही आज्ञा उपलब्ध आहे आणि ती सर्रास वापरली जाते. एकपृष्ठीय ॲपमध्ये तिचा धोका विशेष आहे. समजा, एका प्राध्यापकाने सकाळी हजेरीचे पान उघडले. गुणनोंदणीची जावास्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत आहे व ती गरज पडल्यावरच मागवली जाते. दुपारी ॲपची नवी आवृत्ती आली, नव्या सर्व्हिस वर्करने तत्काळ ताबा घेतला आणि जुना साठा पुसला. सकाळचे पान मात्र अजून उघडेच आहे. ते गुणनोंदणीची जुन्या नावाची फाइल मागते. ती साठ्यात नाही आणि नव्या आवृत्तीत नाव बदलल्यामुळे सर्व्हरवरही नाही. परिणामी पडदा रिकामा होतो. प्रतीक्षेचा मूळ नियम हाच घोटाळा टाळण्यासाठी आहे. म्हणून 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी सूचना दाखवून, वापरकर्त्याने संमती दिल्यावरच आवृत्ती बदलावी व पान पुन्हा उघडावे, आणि सर्व्हरवर जुन्या फाइली काही काळ राहू द्याव्यात, ही रीत अधिक सुरक्षित ठरते.

दुसरी चूक अधिक घातक असते. सर्व्हिस वर्करच्या फाइलीचे नाव प्रत्येक आवृत्तीत बदलल्यास, साठ्यातील जुने पान जुन्याच नावाची नोंदणी करत राहते आणि नवे नाव वापरकर्त्यापर्यंत पोहोचतच नाही. सदोष फाइल सर्व्हरवरून नुसती काढून टाकल्यानेही प्रश्न सुटत नाही. पूर्वीच नोंदलेला वर्कर वापरकर्त्याच्या यंत्रावर तसाच राहतो. त्याच पत्त्यावर, स्वतःची नोंदणी रद्द करणारी दुसरी फाइल ठेवणे हाच मार्ग उरतो. ती फाइल आधीच तयार ठेवणारे विकसक थोडे.

नोंदींचे संरक्षण

ऑफलाइन असताना भरलेल्या नोंदींचा प्रश्न वेगळा आहे. त्या ब्राउझरमधील 'इंडेक्स्ड डीबी' या माहितीसाठ्यात रांगेने ठेवाव्या लागतात. जोडणी परतल्यावर त्या आपोआप पाठवणारी 'बॅकग्राउंड सिंक' ही सोय क्रोम व त्याच्या गाभ्यावर आधारलेल्या ब्राउझरांत आहे. सफारी व फायरफॉक्स यांत तिचा भरवसा धरता येत नाही. तेथे ॲप पुन्हा उघडल्यावर रांग रिकामी करावी लागते. एकच नोंद दोनदा पोहोचण्याचा संभव गृहीत धरून प्रत्येक नोंदीला यंत्रावरच स्वतंत्र क्रमांक द्यावा. अन्यथा एका तासाची हजेरी दोनदा लागेल.

सफारीत आणखी एक मर्यादा आहे. २०२० पासून, ब्राउझर वापरात असूनही एखाद्या संकेतस्थळाशी वापराच्या सात दिवसांत वापरकर्त्याचा संबंध आला नाही, तर त्या स्थळाच्या जावास्क्रिप्टने साठवलेली माहिती सर्व्हिस वर्करच्या नोंदणीसह पुसली जाते. मुख्य पडद्यावर स्थापित केलेल्या ॲपची गणना यात वेगळी होते. दिवाळीच्या सुटीपूर्वी आयफोनवर भरलेले, परंतु सर्व्हरकडे न गेलेले गुण सुटीनंतर सापडतीलच असे नाही. म्हणून 'नोंद जतन झाली' आणि 'नोंद सर्व्हरवर पोहोचली' हे दोन वेगळे संदेश पडद्यावर स्पष्टपणे दाखवणे आवश्यक ठरते.