नळाभोवतीची फरशी

मुलांनो, नवे घर पाहावयास गेल्यावर आपण भिंतींचे रंग पाहतो, दारे-खिडक्या पाहतो. परंतु न्हाणीघरात जेथे नळ जमिनीतून वर येतो, तेथे वाकून कोणी पाहत नाही. गवंड्याच्या कसबाची परीक्षा मात्र तेथेच होते. मोकळ्या जागेत चौरस फरश्या ओळीने बसविणे त्या मानाने सोपे असते. गोल नळ मध्ये आला, की खरी अडचण उभी राहते.

वर्धा जिल्ह्यातील केळझर हे गाव सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे विदर्भात सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावांतील घरांत पूर्वी शेणाने सारवलेली जमीन असे. ती कोणत्याही आकाराभोवती हाताने लिंपता येई. पुढे शहाबादी फरशी आली आणि आता गुजरातेतील मोरबी येथे तयार होणाऱ्या गुळगुळीत फरश्या खेडोपाडी पोहोचल्या आहेत. भट्टीत भाजलेली फरशी कठीण असते, पण ठिसूळही असते. ती वरचा भार सहज सोसते. वाकविले की मात्र मोडते.

म्हणून जाणता गवंडी प्रथम हत्यार उचलीत नाही. तो माप घेतो. नळाभोवती दोरी गुंडाळून ती मोजली, की परीघ कळतो. समजा, तो ११ सेंटिमीटर भरला. त्याला २२/७ ने भागले, की व्यास ३.५ सेंटिमीटर येतो. नळाच्या सभोवार ३ मिलिमीटर मोकळी जागा ठेवावयाची, तर छिद्राचा व्यास ४.१ सेंटिमीटर झाला. आता हे छिद्र फरशीवर नेमके कोठे पडेल? शेजारी बसविलेल्या दोन फरश्यांच्या कडांपासून नळापर्यंतची अंतरे गुण्या लावून मोजावयाची, प्रत्येकात नळाची त्रिज्या मिळवावयाची आणि सांध्याची रुंदी वजा करावयाची. जेथे ही दोन अंतरे मिळतात, तो छिद्राचा मध्य होय.

यानंतर कापणे. नळ फरशीच्या कडेशी येत असेल, तर कडेतून अर्धगोल खाच काढतात. तो फरशीच्या मधोमध येत असेल आणि वरून फरशी ओवता येत नसेल, तर छिद्राच्या मध्यातून फरशीचे दोन भाग करतात व प्रत्येकात अर्धगोल काढतात. त्यासाठी आखलेल्या रेषेपर्यंत जवळजवळ समांतर चिरा पाडतात, मधल्या पट्ट्या पकडीने थोड्याथोड्या मोडतात आणि कड कानशीने घासतात. चौकोनी खाच हवी असेल, तर तिच्या कोपऱ्यांवर आधी लहान गोल छिद्रे पाडतात. कारण टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो व तेथूनच तडा जातो.

तुम्ही विचाराल, नळाभोवती मोकळी जागा तरी कशासाठी? विदर्भाचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. उष्णतेने नळ प्रसरण पावतो, थंडीने आकुंचन पावतो. प्लास्टिकचा नळ तर लोखंडी नळाच्या कितीतरी पट वाढतो. फरशी नळाला घट्ट भिडली, तर या हालचालीने ती तडकण्याचा संभव असतो. म्हणून ती फट रबरासारख्या लवचीक सिलिकॉनने भरतात व वर चकती बसवितात. फट उघडी राहिली, तर पाणी खाली मुरते, भिंतींना ओल येते आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघर असेल, तर खालच्या घराचे छत गळू लागते. एवढ्याशा हयगयीची झळ शेजाऱ्यालाही लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिऱ्याचे कण बसविलेले यंत्राचे पाते फरशी कापू लागले, की बारीक धूळ उडते. तीतील सिलिकेचे कण वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. म्हणून पात्यावर पाणी सोडतात, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधतात व डोळ्यांवर चष्मा लावतात. गवंड्याची ही सोय पाहणे काम देणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. गवंड्याचे हे काम पाहिले, की त्या विचाराचे मर्म कळते. यंत्राला तुम्ही हात लावू नका. पण एक चौरस पुठ्ठा घ्या, घरातील एखाद्या नळाचा परीघ मोजा आणि त्याभोवती नीट बसेल असा नमुना कापून पाहा. पुठ्ठा पहिल्याच खेपेस बसला, तर वर्तुळाचा धडा तुम्हांला खरोखर समजला, असे खुशाल समजा.