आबिड्स : शटर बंद असतानाचा बाजार

हैदराबादेत ‘जरा आबिड्सला जाऊन येतो’ म्हणणारा खरं तर एका दुकानदाराचं नाव घेत असतो. अल्बर्ट आबिद हे सहावे निजाम महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांच्या पदरी होते. मूळचे आर्मेनियन, असं सांगतात. ज्यांच्या पोशाखांचं अवाढव्य लाकडी कपाट पुरानी हवेलीत आजही बघायला मिळतं, तेच हे निजाम. आबिदांनी इथे दुकान काढलं, आणि दुकान गेलं तरी नाव राहिलं. पुढे टॉकीजचंही तेच झालं. पॅलेस गेली, झमरूद गेली. पण जुनी माणसं पत्ता सांगताना अजून त्यांचीच खूण देतात.

मराठी माणसाला हा भाग परका नव्हता. इथून कोठी, सुलतान बाजार पायी गाठता येतं, आणि १९०७ साली सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळाही त्याच बाजूला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ झालं, आणि परभणी-नांदेडच्या पोरांना शिकायला हैदराबाद गाठण्याची गरज उरली नाही. बाजारातलं मराठी ऐकू येणं कमी झालं त्याचं हे एक कारण.

पण आबिड्समधला बदल बघायचा तर इमारतींकडे बघून भागत नाही. रविवारी जावं. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तो चालतो कशावर, हे समजून घेण्यासारखं आहे. विक्रेत्याला दुकान नाही. आहे ती दुसऱ्याच्या सुट्टीची जागा. खाली प्लॅस्टिक अंथरायचं, शटरला टेकवून थप्पी लावायची, पायरीवर स्वतः बसायचं. प्रवेश परीक्षांचे गठ्ठे, इंग्रजी कादंबऱ्या, तेलुगू, उर्दू, सगळं एकात एक. संध्याकाळी आवरलं की सोमवारी तिथे काही होतं याची खूणही नसते.

म्हणजे या बाजाराचा खरा आधार दोनच गोष्टी : लोखंडी शटर आणि साप्ताहिक सुट्टी. जुन्या दुकानांची रांग जाऊन तिथे सातही दिवस उघडं असणारं, काचेच्या दर्शनी भागाचं मोठं दालन आलं, की हा आधार सुटतो. काचेला कोण पुस्तकं टेकवू देणार? कुणी विक्रेत्यांना हाकलायचीही गरज पडत नाही. रविवारची सुट्टी गेली की झालं. फेरीवाल्यांवरची कारवाई निदान वर्तमानपत्रात येते. हे येत नाही.

आपण वारसा म्हटलं की जीपीओ, सेंट जॉर्ज चर्च, १९३५ चं मोअज्जमजाही मार्केट एवढंच मोजतो. त्यांची मोजदाद व्हावीच, पण त्यांचे फोटो ढिगाने आहेत. कुठल्या दुकानापुढे रविवारी कुणाची थप्पी लागते, ते शटर कधी गेलं, त्यानंतर तो विक्रेता कुठे सरकला, याची नोंद मात्र कुठे दिसत नाही. वहीत दुकानांची रांग काढायची, बंद-उघडं लिहायचं, दर दोन-तीन महिन्यांनी तोच फेरा मारायचा. एका माणसाला सहज जमेल असं काम आहे. सकाळी मांडामांड चालू असतानाच जावं. गर्दी झाली की विक्रेते बोलत नाहीत, आणि पुस्तकं चाळताना आपलंही नोंदीकडे लक्ष राहत नाही.