तर्री ओतण्याआधी

वाचून झालेल्या वर्तमानपत्राला मराठी घरात कुणी कचरा म्हणत नाही. ती रद्दी. तुटकी बादली आणि भोक पडलेलं पातेलं भंगारात जातं, जुन्या साड्या बोहारणीसाठी बाजूला निघतात. या साऱ्याला गिऱ्हाईक आहे, भाव आहे, घासाघीसही आहे. पण त्याच वर्तमानपत्राच्या पानावर भजी निथळवली की ते पान थेट केराच्या डब्यात जातं. पान तेच, पण आता त्यात तेल मुरलं आहे आणि रद्दीवाला त्याला हात लावणार नाही. कचरा ही मुळात वेगळी वस्तू नसतेच. चांगल्या वस्तू एकमेकींत मिसळल्या की त्यांची ती अवस्था होते. म्हणून घरच्या कचऱ्यातून पुन्हा वापरता येण्याजोगं काय आणि किती हाती लागणार, याचा निकाल शहराबाहेरच्या प्रकल्पात लागत नाही. तो ओट्याखालच्या डब्यापाशीच लागून गेलेला असतो.

हे पटायला पदार्थांचे स्वभाव पाहावे लागतात. काच कितीही वेळा वितळवली तरी तिचा कस कमी होत नाही. ॲल्युमिनियम खनिजापासून नव्याने काढण्यापेक्षा जुनं वितळवलं तर सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागद तेवढा चिवट नाही. प्रत्येक फेरीत त्याचे तंतू आखूड होतात आणि काही फेऱ्यांनंतर त्याचा पुन्हा कागद होत नाही. आमटी सांडलेला पुठ्ठा तर पहिल्याच फेरीला बाद होतो. प्लास्टिकची गोष्ट आणखी नाजूक. दुधाच्या पिशवीचं पॉलिथिन पाण्यावर तरंगतं, पाण्याच्या बाटलीचं पीईटी बुडतं, त्यामुळे ही दोन्ही साध्या हौदात वेगळी करता येतात. पण पीव्हीसीही बुडतं, आणि पीईटी ज्या तापमानाला वितळतं तिथे पीव्हीसीचं विघटन होऊन आम्ल सुटतं. थोडंसं पीव्हीसी शिरलं तरी बाटल्यांचा सगळा घाणा बिघडतो. मिसळीवर तर्री ओतल्यावर फरसाण पुन्हा कुरकुरीत करता येत नाही, तशातलाच हा प्रकार. मिसळायला क्षणही पुरतो. निवडायला माणसं, पाणी, वीज आणि वेळ लागतो, आणि तेवढं करूनही मूळ माल पूर्णपणे हाती येत नाही.

पुण्यात ही गोष्ट फार आधी ओळखली ती कचरा वेचणाऱ्या बायकांनी. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचं नावच बोलकं आहे: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात ‘कचरा’ हा शब्द नाही. जे विकलं जातं त्याचीच नावं आहेत. पुढे याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा घेऊ लागले. घरटी शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, अशी ही दुहेरी कमाई. कचराकुंडीत उतरून चिघळलेल्या ढिगातून बाटली उपसणं आणि दारातच कोरडी बाटली हातात मिळणं, यांतला फरक केवळ प्रतिष्ठेचा नाही, मालाच्या भावाचाही आहे. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, ही त्यांची मागणीही याच अनुभवातून आली. पुडी उघडण्याआधीच आत काय आहे ते हाताळणाऱ्याला कळलं पाहिजे.

‘आम्ही वेगळं करतो, पण गाडीत सगळं एकच होतं,’ ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे आणि तिथे दोष नागरिकांचा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणं घरांना बंधनकारक केलं, तसं ते वेगळे उचलणं स्थानिक संस्थांनाही. पण गाडी येण्याआधी सुका माल वेचकाच्या किंवा भंगारवाल्याच्या हाती गेला, तर तो गाडीत मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरा आक्षेप यंत्रवाल्यांचा: एवढा खटाटोप कशाला, सगळं जाळून वीज करा. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली परदेशी तंत्राने असा प्रकल्प उभारला होता. आपल्या कचऱ्यात ओलं आणि माती इतकी, की तो पुरेसा पेटेना. प्रकल्प थोड्याच काळात बंद पडला. भाजीची देठं आणि शिळा भात जाळून वीज काढायची म्हणजे आधी त्यांतलं पाणी आटवायला उष्णता खर्चायची. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: घरातलं काम बहुधा बाईच्याच वाट्याला येतं, त्यात ही भर का? उत्तर असं की घराकडून सात प्रकारची निवड कुणी मागत नाही. ती कला वेचकाकडे आहे. बोटांनी चुरगाळून, आवाज ऐकून तो प्लास्टिकची जात सांगतो. घराने फक्त ओलं सुक्यात जाऊ द्यायचं नाही. आणि दूध ओतताना पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, कारण नखाएवढा तो तुकडा पुढे कुणीच वेचत नाही. हे काम घरातल्या कुणालाही जमतं, पुरुषांनासुद्धा.

एका ठिकाणी मात्र हा सगळा युक्तिवाद अडतो. वेफर्सचं पाकीट कितीही स्वच्छ धुवून, वाळवून दिलं तरी भंगारवाला ते घेत नाही. प्लास्टिकचे निरनिराळे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा त्यात असे चिकटवलेले असतात की ते पुन्हा परवडेल अशा खर्चात सुटत नाहीत. घराने आणि वेचकाने आपापलं काम चोख केलं तरी इथे काही हाती लागत नाही, कारण मिसळण्याचं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी अशा वेष्टनांची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यांवर टाकली आहे. गोळा झालेल्या पाकिटांपैकी काही सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात. त्यातून उष्णता मिळते, पदार्थ परत मिळत नाही.