आधी बैठक, मग मासे!



वार्षिक परीक्षा संपली, निकाल चांगला लागला, की बऱ्याच घरांत एक मागणी सुरू होते, ‘बाबा, आपण मासे पाळू या ना!’ कोणते मासे आणायचे ते ठरलेलं असतं. दुकानातली टाकीसुद्धा पसंत करून झालेली असते. पण ती टाकी ठेवायची कशावर आणि कशी, हे मात्र कुणीच विचारत नाही. म्हणून आज आपण माशांबद्दल नाही, तर टाकीच्या खालच्या बाजूबद्दल बोलू या. ती बाजू कुणी पाहत नाही, पण सगळा भार तिच्यावरच असतो.

पाण्याचं ओझं किती?

गणिताची वही काढा बरं! समजा, टाकी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच आहे. ६० × ३० × ३० म्हणजे ५४,००० घन सेंमी. १,००० घन सेंमी म्हणजे १ लिटर. म्हणजे टाकीत ५४ लिटर पाणी मावतं. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो. झाले ५४ किलो! सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, म्हणजे ही छोटीशी दिसणारी टाकी पोत्यापेक्षाही जड. त्यात खालची वाळू, दगड आणि टाकीचं स्वतःचं वजन मिळवा. शिवाय ती एकाच जागी वर्षानुवर्षं उभी राहणार. मग सांगा, अभ्यासाचं डुगडुगतं टेबल किंवा भिंतीतली फळी तिला पुरेल का?

काच आणि अ‍ॅक्रिलिक

टाक्या दोन प्रकारच्या मिळतात, काचेच्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या. अ‍ॅक्रिलिक हे काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक. त्याचं वजन तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी. ते काचेसारखं चटकन फुटत नाही आणि तापवून त्याला हवा तसा बाकही देता येतो. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा त्यात अ‍ॅक्रिलिकचा बोगदा होता. लोक त्यातून चालायचे आणि मासे डोक्यावरून पोहायचे!

पण अ‍ॅक्रिलिकच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे त्यावर ओरखडे लवकर पडतात. दुसरी खोड जास्त महत्त्वाची. ते काचेपेक्षा पुष्कळ जास्त वाकतं. ते कसं, हे एका सोप्या प्रयोगाने पाहू.

करून पाहा

सारख्याच जाडीची तीन पुस्तकं घ्या. दोन पुस्तकं थोड्या अंतरावर ठेवून त्यांवर ३० सेंमीची प्लॅस्टिकची पट्टी आडवी टाका. मधोमध भरलेली कंपासपेटी ठेवा. पट्टी खाली झुकली ना? आता तिसरं पुस्तक पट्टीच्या मधोमध खाली सरकवा. पट्टी सरळ झाली! पट्टी तीच, ओझं तेच. बदलला तो फक्त आधार.

अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचा तळ म्हणजे ही पट्टीच. लोखंडी स्टँडला पुष्कळदा नुसती चौकट असते, मध्ये सगळं मोकळं. त्यावर टाकी ठेवली की कडांना आधार मिळतो, पण मधला तळ पाण्याच्या वजनाने खाली झुकतो. तळ झुकला की जिथे तो बाजूच्या भिंतींना चिकटवलेला असतो, तिथले सांधे ताणले जातात. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. पुढे सांध्याजवळ केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात आणि मग गळती सुरू होते.

म्हणून नियम असा : अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचा तळ सगळीकडून टेकलेला हवा. चौकटीवर साधारण १८ मिमी जाडीची, पाण्याने न फुगणारी प्लायवुडची सपाट फळी टाकायची आणि फळीखाली मधोमध एक आडवी पट्टी द्यायची. फळी आणि टाकीच्या मध्ये पातळ फोम घालतात, म्हणजे एखादा वाळूचा कण तळाला रुतत नाही. मात्र वाकडी फळी फोमने सरळ होत नाही, बरं का! टाकीबरोबर बनवणाऱ्यांचा सूचनांचा कागद आला असेल, तर तो आधी वाचा.

अ‍ॅक्रिलिक कितीही जाड असलं, तरी ते निष्काळजीपणे वापरून चालत नाही. जर्मनीत बर्लिनच्या एका हॉटेलात अ‍ॅक्रिलिकची भलीमोठी गोल टाकी होती. तिच्यात १० लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ती फुटली आणि पाण्याचा लोंढा थेट रस्त्यावर आला. दोन माणसं जखमी झाली. बहुतेक सगळे मासे मेले. तज्ज्ञांना नेमकं एकच कारण ठरवता आलं नाही. पण त्यांनी ज्या शक्यता सांगितल्या, त्यांत चिकटवलेला सांधा निकामी होणं हीसुद्धा एक होती.

पाणी हीच पाणसळ

आधार झाला. आता पातळी. आपल्या घरातली जमीन दिसते तेवढी सपाट नसते. शहाबादी फरशी कुठे उंच, कुठे खोल असते. मोरीजवळ मुद्दाम उतार दिलेला असतो. अशा जागी स्टँडचा एक पाय अधांतरी राहतो, मग सगळं ओझं उरलेल्या पायांवर पडतं आणि टाकीला पीळ बसतो.

घर बांधताना गवंडीकाका पाणसळ वापरतात. तिच्यातल्या नळीत हवेचा एक बुडबुडा असतो. जी बाजू उंच, तिकडे तो पळतो. पाणसळ नसली तरी अडत नाही. पाणी स्वतःच पातळी दाखवतं! आता क्रमाने काम करू.

१. रिकामा स्टँड जागेवर ठेवा. हाताने हलवून पाहा. डुगडुगत असेल, तर कोणता पाय उचलला जातो ते शोधा.

२. त्या पायाखाली प्लॅस्टिकची चकती किंवा पाचर घाला. पुठ्ठ्याची घडी नको, ती ओली होऊन दबते.

३. फळी, फोम आणि रिकामी टाकी ठेवा. कडेने टाकीखाली पोस्टकार्ड सरकवून पाहा. कुठे सहज आत गेलं, तर तिथे पोकळी आहे. मग फळी तपासायची.

४. टाकीत ५ सेंमी पाणी घाला. हे फक्त ९ लिटर होतं. आता बाहेरून चारही कोपऱ्यांत पट्टीने पाण्याची उंची मोजा. जिथे पाणी जास्त खोल, तो कोपरा खाली गेलेला आहे.

५. फरक आढळला, तर मगाने पाणी काढा, मोठ्यांकडून टाकी उतरवून घ्या आणि त्या बाजूच्या पायांखाली चकत्या वाढवा. पुन्हा मोजा.

६. चारही आकडे सारखे आले, की आधी अर्धी टाकी भरा, पुन्हा मोजा आणि मगच पूर्ण भरा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाचर घालायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीच्या कोपऱ्याखाली कधीच नाही. टाकीखाली घातली, तर तळ पुन्हा अधांतरी! आपला पट्टीचा प्रयोग आठवतो ना?

पालकांसाठी दोन शब्द

पाणी भरलेली टाकी कधीही उचलू किंवा सरकवू नका. मुलांना तर मुळीच हात लावू देऊ नका. टाकी भिंतीलगत ठेवा, खोलीच्या मधोमध नको. पंप आणि दिव्याची वायर बटणाकडे नेताना मध्ये थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बटणापर्यंत न जाता खाली ठिबकेल. मोजमाप मात्र मुलांनाच करू द्या. पाचवी-सहावीच्या मुलाला हे सहज जमतं आणि घनफळाचा धडा कायमचा लक्षात राहतो.

टाकी भरली की स्टँडखाली वर्तमानपत्र पसरा. पाण्याच्या पातळीवर बाहेरून पेन्सिलीने खूण केलेली कागदाची चिकटपट्टी लावा आणि एक रात्र थांबा. सकाळी कागद कोरडा असेल, पाणी खुणेवरच असेल आणि चारही कोपऱ्यांतले आकडे सारखे असतील, तर तुमची बैठक पक्की झाली. आता खुशाल माशांची यादी करायला बसा!